दाराशी तीन पिशव्या

वॉर्ड कचेरीतल्या नोंदणीवाल्या बाई कागद घेऊन आल्या, तेव्हा चष्मेवाली नुकतीच कामावरून परतली होती आणि एक चप्पल पायात, एक हातात अशी दारात उभी होती. बाईंनी सही घेतली आणि पाठ झालेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. वरच्या धरणाच्या भिंतीला चीर गेली आहे. घाबरण्यासारखं काही नाही, पण भोंगा वाजला की चाळीस मिनिटांत सखल भाग रिकामा झाला पाहिजे. प्रत्येक माणसामागे एक पिशवी, आठ किलोंच्या आत, दाराशी तयार ठेवायची. पंधरा दिवसांनी तपासणी.

"घाबरण्यासारखं काही नाही, तर मग चाळीस मिनिटं कशाला मोजताय?" आतून तिच्या नवऱ्याने, मास्तरांनी विचारलं.

"ते मला नका विचारू. मी फक्त पिशव्या मोजते," बाई म्हणाल्या. "घरात माणसं किती?"

"तीन. मी, हे आणि मुलगी."

"सगळे चालते-फिरते?"

चष्मेवाली अडखळली. मग चार वर्षांच्या सवयीने जीभ आपसूक वळली. "ह्यांना पाठीचं दुखणं आहे. मणक्याचं. पण उतरतील हळूहळू."

बाईंनी रकान्यात 'पाठ' असं लिहिलं आणि त्या शेजारच्या दाराकडे वळल्या.

मास्तरांच्या पाठीला काहीएक झालेलं नव्हतं. काचेच्या कारखान्यात वीस वर्षं त्यांनी पॅकरचं काम केलं होतं. बरण्या, पेले, दिव्यांच्या चिमण्या पेंढ्यात आणि कागदात गुंडाळून पेट्यांत भरायच्या; म्हणून सगळे त्यांना पेटीमास्तर म्हणायचे. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कामावरून येताना चौकाच्या मधोमध त्यांना एकाएकी दरदरून घाम फुटला, श्वास अडकला, आणि आता आपण मरतो असं वाटून ते दिव्याच्या खांबाला मिठी मारून खाली बसले. तिघांनी उचलून घरी आणलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, हृदय ठणठणीत निघालं. आठवड्याने पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तर जिन्यातच झालं. त्यानंतर मास्तरांनी उंबरठा ओलांडला नाही. गोळ्या झाल्या, उपाय झाले, समजावणं झालं, रागावणं झालं. घरात माणूस अगदी सोन्यासारखा: पोरीचा अभ्यास घेणारा, पोळ्या लाटणारा, विनोद करणारा. दाराबाहेरचं नाव काढलं की मात्र चेहरा चुन्यासारखा व्हायचा.

लोकांना काय सांगायचं, म्हणून चष्मेवालीने पाठ सांगितली. पाठीला कोणी हसत नाही. दुकानात सांगितली, शाळेत सांगितली, लग्नाकार्याच्या आमंत्रणांना सांगितली. मग हळूहळू तिनेही बाहेर जाणं सोडलं. नवरा पाठीने आडवा असताना बायको नटूनथटून कुठे निघाली, असं कोणी म्हणायला नको. चौकातलं चष्म्याचं दुकान, मागच्या खोलीतलं काचा घासायचं यंत्र आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एवढंच तिचं जग उरलं. लोकांच्या डोळ्यांपुढचं धुकं पुसायचं आणि आपलं मात्र झाकून ठेवायचं.

कागद आला त्याच संध्याकाळी मास्तरांनी माळ्यावरून तीन पिशव्या काढल्या. "बघ हं भिंगरी," ते मुलीला म्हणाले. अकरा वर्षांची ही पोर एका जागी पाच मिनिटं टिकत नसे, म्हणून ती भिंगरी. "पेटी भरायची म्हणजे सामान कोंबायचं नाही. आधी विचारायचं, अंधारात हात घातला तर पहिल्यांदा काय लागेल? ते सगळ्यात वर."

"बिस्किटं," भिंगरी म्हणाली.

"बॅटरी, गाढवे. बिस्किटं तुला अंधारातसुद्धा सापडतात."

कागदपत्रं मेणकापडात, औषधं डबीत, डबी मोज्यात, मोजा बुटात. कपडे सुरळी करून कडेला, म्हणजे पाठीला टोचत नाही. भरून झाल्यावर मास्तरांनी पिशवी कानाशी धरून हलवली. चूं नाही की चां नाही. "आवाज आला तर पॅकर नापास," ते म्हणाले.

पहिल्या मजल्यावर एक सुईणमावशी राहत. निम्म्या गल्लीला ह्या जगात त्यांनीच आणलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची पिशवी घेऊन धापा टाकत वर आल्या. पिशवीची चेन एका बाजूने हसत होती आणि आतून पितळी डब्याचं तोंड बाहेर आलं होतं. "मास्तर, ह्या बाईचं काहीतरी करा. बसतच नाही म्हणते."

मास्तरांनी अर्ध्या तासात तिला बसवली, वर एक चादर जास्तीची घातली. मावशींनी खाली जाऊन ज्याला त्याला दाखवलं. मग काय विचारता! आठवडाभर तिसऱ्या मजल्यावर रांग लागली. कोणाच्या पिशवीत कानाचं यंत्र, कोणाच्या तान्ह्या बाळाचं दूध, एका शिंप्याने तर मोठी कात्री आणली. "हिला सोडून मी कुठे जात नाही," तो म्हणाला. मास्तरांनी कात्रीला जुन्या टायरच्या रबराची म्यान करून दिली. चार वर्षांत घरात एवढी माणसं आली नव्हती. मास्तर जमिनीवर मांडी घालून बसलेले, कानावर पेन्सिल, तोंडाने सूचना चालू. चष्मेवाली चहाची भांडी विसळत दारातून बघत राहायची. लग्न झालं तेव्हाचा तो माणूस तिला परत दिसत होता. एवढ्या लोकांना बाहेर पडायची तयारी करून देणारा स्वतः कसा मागे राहील? तिच्या मनाने उचल खाल्ली.

शनिवारी दुपारी केर काढताना तिने दाराशी ओळीने ठेवलेल्या तिन्ही पिशव्या बाजूला सारल्या. स्वतःची सरकवली, मुलीची सरकवली, आणि मास्तरांची ओढायला गेली तर ती पिसासारखी हातात आली. तोल जाऊन ती भिंतीवर आपटली.

चेन उघडली. आत वर्तमानपत्राचे बोळे. एकावर एक, दाबून, कोपरे नीट भरून, बाहेरून पिशवी टचटचीत दिसेल असे बसवलेले. शेवटपर्यंत दुसरं काही नाही.

ती तशीच केरात बसली. आणि तिच्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? तिला हायसं वाटलं. एकच क्षण. चला, म्हणजे ह्याला ओढत न्यायचं नाही, मी आणि पोरगी सुटलो. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची इतकी शिसारी आली की तिने बोळा फेकून दिला.

मास्तर आतून आले. पिशवी उघडी बघून दारातच थांबले.

"हे काय आहे?"

"बाई तपासायला आल्या की इस्त्री टाकणार होतो आत. वजनाला."

"मी वजनाचं विचारत नाहीये!"

मास्तर खाली बसले. "भिंगरीला दाराशी तीन दिसायला हव्यात. दोन दिसल्या तर ती निघणार नाही. तुम्ही दोघी पुढे व्हायचं, मी म्हणायचं, आलोच मागून."

"आणि मागून?"

मास्तर एक बोळा उचलून मांडीवर सपाट करत राहिले.

"म्हणजे तू ठरवूनच टाकलंस," ती म्हणाली. पंधरा वर्षांत तिने कधी नवऱ्याला अरे-तुरे केलं नव्हतं. "मला विचारलंसुद्धा नाहीस. चार वर्षं मी ह्या दोन खोल्यांत तुझ्याबरोबर जन्मठेप भोगतेय, आणि तू एकटाच सुटायचं ठरवलंस?"

"अगं, मला काय हौस आहे?" मास्तरांचा आवाज फुटला. "काल तुम्ही दोघी नसताना मी दार उघडून तीन पायऱ्या उतरलो. तीन. चौथीवर पाय ठेवला आणि जिना हलायला लागला. चार पायांवर परत आलो. शिंपी खालून येत होता, म्हणून हात झटकले आणि उभा राहिलो. मला वचन दे. पोरीला घेऊन जाशील."

तिने वचन दिलं नाही. बोळे काढून टाकले, कपाट उघडलं, त्यांचे दोन सदरे, गोळ्या, चष्मा, मफलर, सगळं त्यांच्याच पद्धतीने पिशवीत भरलं आणि पिशवी दाराशी आणून आपटली. तपासणीला बाई आल्या, काट्याला तिन्ही पिशव्या टांगल्या, 'छान' म्हणाल्या आणि गेल्या. पिशवी भरली, माणूस होता तिथेच होता.

त्यानंतर पाच दिवसांनी, सकाळी साडेअकराला भोंगा वाजला.

चष्मेवालीच्या हातात एका म्हाताऱ्याची जाड काच होती. ती तिने फ्रेममध्ये बसवली, स्क्रू पिळला, आणि मगच तिला कळलं की दुकानातले सगळे पळत आहेत. मालक शटर ओढत ओरडला, "चौकात ट्रक उभा आहे, चल!" मुलीची चिंता नव्हती. शाळेची मुलं मास्तरणी टेकडीवरच्या शाळेत नेणार, हे ठरलेलं होतं. शहाण्या बाईने ट्रकमध्ये बसायचं. ती घराकडे धावली. सगळी गल्ली चौकाकडे वाहत येत होती आणि ती एकटी उलटी. जिन्यात सुईणमावशी भेटल्या, पाठीला पिशवी, हातात काठी.

"वर कुठे चाललीस गं?"

"हे आहेत वर."

मावशींनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि वाट दिली. म्हणाल्या, "ट्रक थांबवून ठेवते. पण फार वेळ नाही थांबणार."

तिसऱ्या मजल्यावर दार आतून बंद होतं. तिने दोन्ही हातांनी थापा मारल्या.

"परत कशाला आलीस?" दाराला अगदी लागूनच मास्तरांचा आवाज आला.

"दार उघडा."

"नाही."

"अहो, दार उघडा! मी धरते तुम्हाला. डोळे मिटून चला."

"मी उघडलं तर तू आत येशील आणि मग तू जाणार नाहीस. मला ठाऊक आहे तुझा स्वभाव."

"मग मी इथेच बसते पायरीवर."

ती खरंच बसली. भोंगा थांबला, पुन्हा सुरू झाला.

"ऐक," मास्तर म्हणाले. "वरती शाळेत भिंगरी आता दारात उभी असेल. येणाऱ्या प्रत्येक ट्रकमधली तोंडं बघत असेल. तिला दोघंही मिळाली तर उत्तमच. पण एकही नाही, असं नको गं करूस."

चष्मेवाली उठली. तिला दार फोडावंसं वाटलं, त्यांना मारावंसं वाटलं. तिने दारावर कपाळ टेकवलं. लाकूड थरथरत होतं. पलीकडून मास्तर टेकले होते.

"निदान आमच्या पिशव्या तरी द्या," ती म्हणाली.

"दार उघडावं लागेल," मास्तर म्हणाले. "जा."

ती रिकाम्या हातांनी उतरली. ट्रकच्या फळीवर मावशींनी तिला दंडाला धरून वर ओढलं.

टेकडीवरच्या शाळेच्या मोठ्या खोलीत तीनशे माणसं होती. संध्याकाळी पिशव्या उघडायला सुरुवात झाली आणि ठिकठिकाणी मास्तरांचं नाव निघू लागलं. बाळाच्या आईला दुधाची भुकटी कोरडी मिळाली. कानाच्या यंत्रवाल्या आजोबांना सुटे सेल मोज्यात सापडले. "बॅटरी वरच! देवमाणूस हो!" शिंपी ओरडला आणि कात्रीने कोणाकोणाला कापडाच्या पट्ट्या कापून देऊ लागला. "मास्तर कुठे आहेत? त्यांना बोलवा, चहा पाजू."

चष्मेवाली भिंतीशी मुलीला कुशीत घेऊन बसली होती. दोघींजवळ काही नव्हतं. एकीच्या अंगावर दुकानाचा डगला, दुसरीच्या अंगावर शाळेचा गणवेश.

"आई, बाबा मागच्या ट्रकने येणारेत ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. पाठ, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण ते आता कोणाला सांगायचं? मागे राहिलेल्या माणसाला खोटं दुखणं चिकटवून काय मिळणार होतं?

"बाबा येणार नाहीत," ती म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्यांना बाहेर पडायची भीती वाटते. पाठ चांगली आहे त्यांची. चार वर्षं मी तुम्हाला खोटं सांगत होते."

मग सुईणमावशी जवळ येऊन बसल्या. "अगं, पाठीचं दुखणं असलेला माणूस माळ्यावरून ट्रंका उतरवतो का? आम्हाला पहिल्या वर्षीच कळलं होतं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग कोणी बोललं का नाही?"

"तू बोलत नव्हतीस म्हणून."

चष्मेवालीला रडू आलं नाही, संताप आला. ज्या भिंतीमागे ती चार वर्षं दडून बसली, ती काचेची होती, आणि बाहेरची माणसं भलेपणाने नजर वळवून जात होती. ह्यापेक्षा कोणी हसलं असतं तरी चाललं असतं. तिने मावशींचा हात झटकला. थोड्या वेळाने तोच हात परत शोधला.

धरणाची भिंत राहिली. ती वाचवायला सगळे दरवाजे एकदम उघडले होते, त्यामुळे पाणी आलं, पण कचेरीच्या नकाशात दाखवलं होतं तेवढं नाही. सखल भागात ते पहिल्या मजल्याच्या वर चढून थांबलं. दोन दिवस खालची काही बातमी नव्हती. ते दोन दिवस चष्मेवालीने खिडकीशी काढले. तिथून गढूळ पाण्यात बुडालेली छपरं दिसत, पण त्यांची इमारत एका वळणाआड होती. तिसऱ्या दिवशी सकाळी एक नाववाला विचारत आला, "तिसऱ्या मजल्यावर एक माणूस आहे. खिडकीतून बोलतो चांगला, पण उतरायला तयार नाही. कोणाचा आहे?"

"माझा," ती म्हणाली.

नाव गल्लीतून गेली. दुकानांच्या पाट्या पाण्याखाली गेल्या होत्या. इमारतीचा जिना एका बाजूने उघडा होता. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर नाव कठड्याला लागली. चष्मेवालीने वर बघून हाक मारली. दार उघडल्याचा आवाज आला.

पायांचा आवाज यायला फार वेळ लागला. एक पायरी, मग शांतता. मग एक. मास्तर दोन्ही खांद्यांना एकेक पिशवी अडकवून, भिंतीला घासत खाली आले. तिची आणि भिंगरीची. दाढी वाढलेली, ओठ पांढरे पडलेले. वळणावर येऊन त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि कठडा असा धरला की बोटांची हाडं दिसली. चौथ्या पायरीवरून चार पायांवर परत गेलेला माणूस दीड मजला उतरून आला होता.

"पोरगी?"

"बरी आहे. तुमच्यावर रागावली आहे."

"रागवू दे."

"नावेत बसा," नाववाला म्हणाला. मास्तरांनी पाण्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि मान हलवली.

चष्मेवालीने पायरीवर पाय ठेवला. वर जावं, दार लावावं, चहा टाकावा, असं तिच्या अंगाला वाटत होतं. चार वर्षांची सवय होती. तिने पाय मागे घेतला.

"मी राहणार नाही इथे," ती म्हणाली. "पाणी आणि जेवण घेऊन रोज येईन. पण राहणार नाही. आणि सांगून ठेवते, सगळ्यांना खरं सांगितलंय."

"काय म्हणाले?"

"तुमची बॅटरी वरच सापडली म्हणाले."

मास्तर हसले की रडले, ते तिला कळलं नाही. "उद्या येताना दाढीचं पातं आण," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाणी पाच पायऱ्या खाली गेलं होतं. नाव तेवढीच खाली लागली, आणि डबा घ्यायचा म्हणजे मास्तरांना तेवढ्या पायऱ्या उतरणं भाग होतं. ते उतरले. त्या दिवशी भिंगरी बरोबर होती. आधी बोललीच नाही, मग इतकी बोलली की नाववाल्याला उशीर झाला. पुढच्या दिवशी आणखी सहा पायऱ्या, त्याच्या पुढच्या दिवशी चार. एके दिवशी मास्तरांना अर्ध्या जिन्यातच धाप लागली आणि ते अर्धा तास खाली मान घालून बसले. डबा नाववाल्याने वर नेऊन दिला. पाणी कोणासाठी थांबत नव्हतं, घाईही करत नव्हतं.

आठव्या दिवशी नाव लागली नाही. गल्लीत घोटाभर चिखल उरला होता आणि चष्मेवाली, भिंगरी, सुईणमावशी पायीच आल्या. नोंदणीवाल्या बाई आधीच येऊन दारावर कागद चिकटवून गेल्या होत्या: इमारत धोकादायक, वीस दिवसांत रिकामी करावी.

मास्तर तळमजल्याच्या दारात उभे होते. चौकटीला दोन्ही हात लावून, पाय आत. मावशींनी काठीने चिखलात एक जागा दाखवली. "इथे टणक आहे हो, मास्तर."

त्यांनी उजवा पाय उचलला. तो बराच वेळ हवेत राहिला. मग त्यांनी तो परत आत ठेवला. सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"आज एवढंच," ते म्हणाले.

"बरं," चष्मेवाली म्हणाली. तिने चिखलातच एक उलटी बादली ओढली, तिच्यावर बसली, आणि झाकण काढून डबा त्यांच्या हातात दिला. भिंगरी एका पायाने दाराच्या आत, एका पायाने बाहेर करत उड्या मारू लागली.

"वीस दिवस आहेत," मास्तर घास घेत म्हणाले.

"एकोणीस," चष्मेवाली म्हणाली. "कागदावर कालची तारीख आहे."